दोन रकान्यांची वही

पहिला फटका बसला तेव्हा बारा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. हे मला नक्की माहीत आहे, कारण मी तेव्हा वेळ लिहीत होतो.

माझ्या थोरल्या भावाने कपडे धुण्याची मोगरी उचलली, अंगण ओलांडलं आणि मोटारसायकल स्टँडवर लावत असलेल्या आमच्या चुलतभावाच्या डाव्या कानावर ती मारली. मारण्याआधी त्याने एक प्रश्न विचारला.

"रोज दुपारले आमनी तार तूच काढस ना?"

"मी हात बी नही लावा, भाऊ," चुलतभाऊ म्हणाला. त्याचं वाक्य पुरं झालं आणि फटका बसला. तो गाडीवर कोसळला, गाडी त्याच्या पायावर. दुसरा फटका तो खाली असताना बसला, कान झाकून धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी दारात उभा राहून ऐकला.

धुळ्यातलं आमचं घर एकच होतं, वडील आणि काका वेगळे होईपर्यंत. वाटणीच्या दिवशी मधल्या भिंतीचं काम सुरू असताना काकांनी गवंड्याच्या हातातली थापी हिसकावून वडिलांच्या डोक्यात घातली होती. सात टाके पडले. भिंत त्याच आठवड्यात पूर्ण झाली. तेव्हापासून दोन्ही बाजूंत अबोला. एकाने दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हा नियम कोणी लिहिला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

टेलिफोनची तार मात्र वाटणीत कोणाच्या लक्षात आली नाही. खांबावरून ती काकांच्या वाट्याला गेलेल्या पुढच्या खोलीत उतरायची. तिथे भिंतीवर पहिली डबी, आणि तिथून भिंतीतल्या भोकातून दोन तारा आमच्याकडे. फोन आमचा, डबी त्यांच्या घरात. अशी पंचवीस वर्षं गेली.

मग भावाची मुलगी माहेरी परत आली. जळगावला तिच्या नवऱ्याने तिचं मनगट दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. नातेवाइकांची बैठक बसली. नांदायला पाठवावं, असं बहुतेकांचं मत पडलं. भावाने मधला मार्ग काढला: पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरून करते, ती नोकरी आहे तोवर इथे राहील, नोकरी गेली की जळगाव. हे त्याने तिच्यासमोर सांगितलं. तिने मनगटावरची पट्टी नीट केली आणि मान डोलावली.

एप्रिल लागला आणि दुपारी नेट जायला लागलं. फोन उचलला की खरखर, मोडेमवरचा दिवा लुकलुकायचा, मग विझायचा. रात्री सगळं सुरळीत. कंपनीने तिला दोनदा लेखी ताकीद दिली. कामाच्या वेळेत गायब होण्याबद्दल तिसरी ताकीद आली की काम बंद, असं त्यात होतं.

लाईनमन दोनदा आला. मोडेम बदलून पाहिला, आमच्या सॉकेटची तार नवीन टाकली. दोन्ही वेळा तो संध्याकाळी आला आणि दोन्ही वेळा लाईन चांगली निघाली. दोन्ही वेळा त्याने सांगितलं की मूळ डबीवर तपासल्याशिवाय बिघाड आत आहे की बाहेर, ते कळणार नाही. पाच मिनिटांचं काम होतं. भाऊ म्हणाला, त्या घरात कोणी जाणार नाही. मीही गेलो नाही.

मी वही केली. मी अनेक वर्षं जिल्ह्याच्या बातम्या लिहिल्या आहेत. तक्रार करायची तर वेळा हव्यात, एवढं मला कळतं. पहिल्या रकान्यात नेट गेल्याची वेळ. भावाच्या सांगण्यावरून दुसरा रकाना केला: चुलतभाऊ दुकानातून जेवायला घरी आल्याची वेळ. अकरा दिवसांच्या नोंदी झाल्या. दोन्ही रकान्यांत फरक कधी पाच मिनिटांचा, कधी दहा. वही मी भावाला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. बाराव्या दिवशी दिवा विझला, बाहेर मोटारसायकल वाजली आणि तो मोगरी घेऊन उठला.

चुलतभावाला सिव्हिलला नेलं. पोलीस आले. त्याच्या बायकोने हवालदाराला सांगितलं, तार आम्ही काढली असेल तर आत्ता येऊन पाहा. लाईनमनला बोलावलं गेलं. अशा रीतीने पाच मिनिटांचं ते काम हवालदाराच्या देखत झालं.

अंगणातलं रक्त अजून धुतलेलं नव्हतं. लाईनमन त्यावरून वळसा घालून आत गेला. मूळ डबीचे स्क्रू सैल करून त्याने आमच्याकडे येणाऱ्या दोन तारा सोडवल्या आणि मोडेम तिथेच लावला. दिवा स्थिर. तारा परत जोडल्या, दिवा विझला. त्याने तीन वेळा तसं केलं.

"लाईन चांगली शे," तो हवालदाराला म्हणाला. "बिघाड यास्ना घरमा शे."

तो आमच्या भिंतीलगत तारेवर हात फिरवत मधल्या खोलीत आला. गव्हाच्या कोठीमागे, खिडकीच्या खाली, एक जुनं सॉकेट होतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा भावानेच त्यांच्यासाठी तिथवर तार ओढली होती. वडील गेले, फोन काढला, सॉकेट राहिलं. तारांचा जोड नुसता पिळलेला आणि वर मलमपट्टीची चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी चिंब होती. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. खिडकीतल्या कूलरचं पाणी भिंतीवरून त्याच्यावर उतरत होतं.

कूलर मी लावायचो. रोज साडेबाराला पाणी भरून, बटण दाबून, मग वही घेऊन बसायचो. संध्याकाळी सगळे गच्चीवर जात, कूलर बंद होई, जोड वाळे.

भावाने ते सॉकेट प्लास्टरसकट उपटलं. मग मुलीकडे वळून, हवालदाराला ऐकू जाईल अशा आवाजात, तू काही पाहिलं नाहीस असं सांग म्हणाला. नाहीतर उद्या जळगावची बस धर.

ती हवालदाराला म्हणाली, "मी पाहिलं. दोन फटके मारले. दुसरा नाना खाली पडल्यावर." चुलतभावाला ती नाना म्हणते.

भावाने हातातली तार तिच्या तोंडावर मारली. हवालदाराने त्याचा हात पिरगाळून त्याला भिंतीला दाबेपर्यंत आणखी एकदा मारली.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या: किरकोळ कारणावरून हाणामारी, एक जखमी. हा मथळा मी स्वतः किती वेळा दिला असेल, सांगता येणार नाही.

त्याच दिवशी सकाळी मुलगी मोडेम आणि लॅपटॉप घेऊन चुलतभावाच्या दारात उभी राहिली. गालावर दोन वळ होते. त्याच्या बायकोने तिला मूळ डबीखाली टेबल लावून दिलं. कॅमेरा बंद ठेवून तिने सहापर्यंत काम केलं. दिवा विझला नाही. तिसरी ताकीद आली नाही.

चार दिवसांनी चुलतभाऊ हात गळ्यात बांधून घरी आला. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. तिने त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून काहीतरी विचारलं.

"त्या कानमा काही ऐकू येत नही, बेटा," तो म्हणाला. "ह्या बाजूले ये."

ती आमच्याकडे राहायला परत आली नाही. जळगावलाही गेली नाही. जामिनावर सुटून आल्यावर भावाने भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं.

वही पोलिसांनी नेली. कोर्टात ती मला दाखवण्यात आली. अक्षर तुमचंच का, असं विचारलं, हो म्हणालो. तिच्यात दोनच रकाने आहेत. कूलरच्या वेळा मी तोंडी सांगितल्या.