दुर्गच्या कचेरीतला दाखला

मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले, तर पेढ्यांऐवजी घरात सोयरीक आली. मोठेबाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, साकोलीकडच्या आमच्या गावाहून ती घेऊनच भिलाईला सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरवर उतरले. मुलगा शेतीवाडीवाला, दिवाळीनंतर बार उडवून द्यायचा. थोरल्या भावापुढे बाबांनी तोवर तोंड उघडलं नव्हतं. तेव्हाही नुसती मान हलवून मोकळे झाले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता!

मला रायपूरला कॉलेजात जायचं होतं. हॉस्टेलचा खर्च बाबांच्या पगारात बसणारा नव्हता. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, सरकारी शिष्यवृत्ती आहे, तुझ्या मार्कांवर नक्की मिळेल, फक्त वडील मध्य प्रदेशचे रहिवासी आहेत असा दाखला दुर्गच्या जिल्हा कचेरीतून आण. घरी येऊन मी जाहीर करून टाकलं की शिष्यवृत्ती मिळाली तर शिकीन, नाही मिळाली तर म्हणाल त्याच्या गळ्यात माळ घालीन. बाबा म्हणाले, "पाहू."

दुर्गच्या कचेरीत खिडकीतल्या बाबूने बाबांना विचारलं, "कहाँ के रहनेवाले हो?" बाबांनी छाती फुगवून गावाचं नाव सांगितलं, वर जिल्हा भंडारासुद्धा. आमच्या लोकांची ही जन्माची खोड. पोलादाच्या कारखान्याच्या जागी नुसतं माळरान होतं तेव्हापासून बाबा इथे, पण कोणी पुसलं की सांगायचं वाडवडिलांचं गावच. म्हणे, क्वार्टर का कुणाचं गाव असतं? बाबूने अर्ज परत सरकवला. भंडारा महाराष्ट्रात गेला, दाखला तिकडूनच आणा म्हणाला.

बाहेर येताच मी बाबांवर तुटून पडले.

"तुमी गावाचं नाव सांगतलं कावून?"

"त्यानं इचारलं, मी खरं सांगतलं. नोकरी सुटली का क्वार्टर सुटलं. आपलं काय हाय इथं?"

"मंग मी जलमभर चूल फुकत बसू काय?"

येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. बघेनात का! मी कचेरीच्या पायरीवर बसकण मारली आणि घरी येणार नाही म्हणून सांगितलं. बाबा बिडी ओढत उभे राहिले. मग बिडी पायाखाली चिरडली आणि आत गेले, बाबूची खिडकी ओलांडून थेट साहेबांच्या टेबलापाशी. मी मागून धावले.

साहेबांनीही तेच विचारलं. बाबांची हिंदी म्हणजे मराठीलाच शेपूट लावलेलं.

"साब, भट्टी का पाया खोदा तब से इधर है. मेरी माय इधरच मरी. गाव नहीं ले गया, शिवनाथ के किनारे जलाया. जिधर माय की राख, मैं उधर का. मैं भिलाई का है."

आजीबद्दल बाबा घरातसुद्धा कधी बोलत नसत. माझा राग कुठल्या कुठे गेला, मला रडूच फुटलं. साहेबांनी बाबांचा प्लांटचा पास पाहिला, क्वार्टरचा कागद पाहिला आणि सही करून दिली. परत येताना बसमध्ये जागा होती, तरी दाखला चुरगळेल म्हणून मी उभीच राहिले.

आणि शिष्यवृत्ती मिळाली! मोठ्या बाईंनी स्वतः घरी येऊन सांगितलं. आईने आमच्या ओळीतल्या बंगाली, तेलुगू, पंजाबी, सगळ्या घरांत साखर वाटली, आणि मी तिच्या मागे मागे मिरवत फिरले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

कॉलेज उघडायच्या तोंडावर मोठेबाबा साखरपुड्याची तारीख काढून आले. आईने चहा ठेवला. बाबा त्यांच्यासमोर चटईवर बसले.

"दादा, त्यायले नाही म्हनून सांगा. पोट्टी रायपूरले शिकाले जाऊन राहिली."

मोठेबाबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. धाकट्या भावाच्या तोंडून 'नाही' त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"एवढं ठरवलं तुनं? मी मेलो का? इचारलं कोनाले?"

"जिचं लगन, तिले," बाबा म्हणाले.