झोकांड्या खाणारी जीप

खडकदऱ्यात राजेश्वरी ढवळेला पूर्ण नावानं कोणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे तिला राजाक्का म्हणतात. वय बावन्न, आवाज मोठा, चाल भरभर. सहा वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीचा प्रचार घरोघर जाऊन तिनंच केला होता. बाटली आडवी झाली, दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून जामखेड तालुक्यात कुठंही व्यसनमुक्तीचा कार्यक्रम असला की राजाक्काला नारळ आणि शाल ठरलेली.

अशा बाईची जीप हायवेवर झोकांड्या खायला लागली, ही गोष्ट गावातल्या निम्म्या पुरुषांना दिवाळीसारखी वाटली यात नवल नाही.

जीप नवी नव्हती. लष्कराच्या लिलावातून ती पुण्याच्या एका हौशी माणसाकडं गेली होती. त्यानं डोंगरदऱ्यांत फिरवायला तिला चांगली वीतभर उचलून घेतली आणि खाली कंबरेएवढी चाकं लावली. हौस फिटल्यावर विकून टाकली. राजाक्कानं घेतली ती गरजेपोटी. तिच्या बचत गटाच्या कुरडया, सांडगे, शेवया जामखेडच्या आणि नगरच्या दुकानांत जातात, आणि तिची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. ओढ्यात एवढाले धोंडे. टेम्पोवाले अलीकडच्या काठावरूनच हात जोडायचे. ही जीप मात्र त्या धोंड्यांवरून शेळीसारखी चढायची. मागच्या पोत्यांतली एक कुरडई मोडायची नाही.

रडगाणं सुरू व्हायचं ते डांबरी लागल्यावर. काटा साठच्या पुढं गेला की जीप आपली आपण डावीकडं निघायची. स्टिअरिंग जरा उजवीकडं घेतलं तर आधी ऐकल्यासारखं करायची नाही, आणि मग एकदम ऐकायची, ते थेट पांढऱ्या पट्ट्यापर्यंत. पुन्हा डावीकडं. पुन्हा उजवीकडं. जामखेडला पोचेपर्यंत राजाक्काचे दंड भरून यायचे. मी एकदाच त्या जीपमध्ये बसलो. फाट्यापासून पुढं फार तर दहाबारा किलोमीटर गेलो असेन. उतरल्यावर एसटीच्या लाल डब्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

ज्याचं दुकान बंद झालं तो हनुमंत आता फाट्यावर चहा-भज्यांचं हॉटेल चालवतो. त्याच्या गल्ल्यावरून हायवे लांबपर्यंत दिसतो. एका सकाळी जीप नागमोडी येताना त्यानं पाहिली आणि भजी तळता तळता म्हणाला, "गावातली बाटली आडवी केली, आता बाई सोताच आडवी चाललीया."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत चार गावांत पोचलं. आठवड्याभरात हायवे पोलिसांनी जीप अडवली, तीही नेमकी हनुमंतच्या हॉटेलसमोर.

"बाई, यात फुंका."

राजाक्का खाली उतरली. तिनं असं फुंकलं की मशीन धरणाऱ्या हवालदाराची टोपी हलली. मशीनवर शून्य आलं. तिनं ते मशीन हवालदाराच्या हातातून घेतलं, हॉटेलात जाऊन एकेका गिऱ्हाइकाला दाखवलं आणि शेवटी हनुमंतच्या नाकासमोर धरलं.

"वाच."

हनुमंतनं वाचलं. "मशीन बिघडलं आसंल," तो म्हणाला.

पुढच्याच महिन्यात एका व्यसनमुक्ती मेळाव्यात भाषणाला उठण्याआधी शेजारच्या अनोळखी बाईनं मोठ्या मायेनं राजाक्काच्या हातात बडीशेप ठेवली आणि कानात म्हणाली, "तोंडात टाका ताई, वास येत नाही." त्या दिवशी राजाक्का आयुष्यात पहिल्यांदा भाषण अर्धं सोडून घरी आली.

मग तिनं जीपच्या पाठीच लागायचं ठरवलं. नगरला एका मोठ्या दुकानात चाकांची अलाइनमेंट केली. कॉम्प्युटरवर सगळे आकडे हिरवे आले. "चाकं एकदम सरळ आहेत," असं सांगून त्यांनी छापील कागद दिला. राजाक्कानं तो काचेपाशी ठेवला, पण जीपला वाचता येत नव्हतं. मग टायरमधली हवा कमी करून पाहिली, जास्त करून पाहिली. एका गॅरेजवाल्यानं स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला. त्यानं भलतंच झालं. स्टिअरिंग जिथं वळवावं तिथंच चिकटून बसायला लागलं, हातानं ओढून सरळ आणावं लागायचं. फाट्यावर वळताना जीप हनुमंतच्या भज्यांच्या कढईपासून दोन हातांवर थांबली.

तिचा नवरा वैजनाथ शांत माणूस. तो म्हणाला, "राजा, चाळिसानं चालव की." यावर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो शिंगणापूरला जाऊन शनीला तेल वाहून आला. जीपसाठीच गेला होता, पण गेला एसटीनं.

आता एकच माणूस उरला होता आणि त्याचं नाव राजाक्काला घ्यायचं नव्हतं. भीमा सोनटक्के. नगरला लष्करी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर होता. असल्या जीपचा नटबोल्ट तो डोळे मिटून ओळखायचा. रिटायर होऊन गावी आला तो रोज संध्याकाळी घोटभर घेऊन गप पडायचा. मग दुकान बंद झालं. आता त्याला शेजारच्या गावापर्यंत सायकल मारावी लागे. जाताना चढ, येताना उतार, आणि येताना उताराचा भरवसा नाही. दोनदा तो बाभळीत सापडला होता. सहा वर्षांत तो राजाक्काशी एक शब्द बोलला नव्हता.

राजाक्का सकाळीच त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"भीमातात्या, माझी जीप बघता का?"

भीमा दाढी करत होता. त्यानं आरशातूनच उत्तर दिलं. "रोज बघतोय. लांबूनच बरी दिसती."

"तात्या, लोक मला बेवडी म्हनायला लागलेत."

वस्तरा थांबला. भीमा वळला. "तुमाला?" त्याला एवढं हसू आलं की गालाला कापलं. रक्त पुसत तो म्हणाला, "बघतो. पन एक अट हाय. माज्या हातात पाना आसंस्तवर तुमी मला काई शिकवायचं न्हाई. दारूचं न्हाई, जीपचं न्हाई, कशाचंच न्हाई. एक शब्द न्हाई."

"एक शब्द न्हाई," राजाक्का म्हणाली. हा शब्द आपण काय दिला ते तिला नंतर कळलं.

भीमानं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. पुढच्या चाकाशेजारी मातीत बसकण मारली आणि बिडी संपेपर्यंत नुसता बघत राहिला. मग आपली सायकल आणली. सीटला धरून पुढं ढकलली. हँडलला हात नव्हता, तरी सायकल सरळ गेली. मग तशीच मागं ओढली. हँडल गर्रकन फिरलं आणि सायकल आडवी.

"बघितलं? सायकलीचा पुडचा दांडा मागं कललेला आसतो. पुडं चालताना चाक त्याच्या मागनं फरफटतं, म्हून आपूआप सरळ ऱ्हातं. तुमच्या जीपला त्यो कलच न्हाई ऱ्हायला. पुनेवाल्यानं गाडी उचलली तवा अक्सल, म्हंजे चाकांचा आस, पुडं झुकला. दगडातनं हळू जाताना कळत न्हाई. पळवाया लागलं की चाकाला कळंना, आपून सरळ जायाचं का कुटं."

"आनी कॉम्प्युटर?"

"चाकं सरळच हायती. त्यांचा धनी वाकडा हाय."

उपाय त्यानं सांगितला तो ऐकून राजाक्काला विश्वास बसेना. स्प्रिंगचे पाटे आणि अक्सल यांच्यामध्ये बसवायच्या दोन लोखंडी पाचरी. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. कुऱ्हाडीच्या दांड्यात मारतात तशा, फक्त रुंद. जामखेडच्या खाजाभाईनं त्या आपल्या वर्कशॉपात कापून, घासून दिल्या. "आक्का, एवढ्याशा तुकड्यानं गाडी सुधारली तर माझंबी डोकं खोलून एक बसवा," असं म्हणाला.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. भीमा जीपखाली, राजाक्का बाहेर पाने द्यायला. आणि राजाक्का गप्प. भीमानं मुद्दाम तिला डिवचून पाहिलं. म्हणाला, "काल जरा जास्तच झाली बगा." राजाक्कानं ओठ दाबून सतरा नंबरचा पाना दिला. म्हणाला, "थोडी घेतली की हात थरथरत न्हाई." तिनं हातोडी दिली, पण लांबूनच. वैजनाथ तीनदा बाहेर येऊन तिच्या कपाळाला हात लावून गेला. एवढा वेळ तिचा आवाज नाही म्हणजे ताप असणार, अशी त्याची समजूत.

नवाच्या सुमारास भीमा पहिली पाचर बसवत होता तेव्हा राजाक्का वाकून पाहत होती. सायकलचा कल तिच्या डोक्यात पक्का बसला होता. पाचरीची जाड बाजू भलत्याच अंगाला जात होती. अक्सल मागं कलायच्या ऐवजी आणखी पुढं झुकणार होता. तिनं तोंड उघडलं.

जीपखालून भीमाचं एक काळं बोट वर आलं. "आक्का!"

तिनं तोंड मिटलं.

दुपारी दोघं जीप घेऊन फाट्यावर आले. राजाक्का चालवायला, भीमा शेजारी, छाती पुढं काढून. चाळीसला जीप हलली. पन्नासला लटपटली. "जरा वाढवा, बसंल," भीमा म्हणाला. पंचावन्नला जीपनं कोणाचंच ऐकायचं सोडलं, रस्ता सोडला, कडेच्या चारीवरून उडी मारली आणि कडब्याच्या गंजीत नाक खुपसून उभी राहिली. गंजी हनुमंतची होती.

थोडा वेळ दोघांवर नुसता कडबा पडत राहिला. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मग भीमा तोंडातला कडबा थुंकून म्हणाला, "पाचर उलटी बसलीया."

"ठावं हाय."

"ठावं हाय म्हंजे? कवापासनं?"

"नवापासनं."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमीच म्हनला, एक शब्द न्हाई."

भीमानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या केसांत कडब्याच्या काड्या, चेहरा कोर्टात उभं राहिल्यासारखा गंभीर. तो आधी नाकातून हसला, मग तोंडातून, मग पोट धरून. राजाक्काही हसायला लागली. तेवढ्यात हनुमंत ओरडत पळत आला. खिडकीतून डोकं आत घालून त्यानं आधी राजाक्काचं तोंड हुंगलं, मग भीमाचं. भीमा सकाळपासून खरंच कोरडा होता. कालची गोष्ट त्यानं उगाच रचली होती. हनुमंत गोंधळून गंजीकडं बघत राहिला.

"दोघंबी शुद्धीत हाय तर हे केलं कसं?"

"शुद्धीत व्हतो म्हून गंजीतच घातली," भीमा म्हणाला. "हाटेलात न्हाई घातली."

कडबा राजाक्कानं आणि वैजनाथनं दुसऱ्या दिवशी पुन्हा रचून दिला. पाचरी मात्र रविवारीच, संध्याकाळचं ऊन असतानाच फिरवल्या. यावेळी भीमानंच विचारलं, "आक्का, जाड बाजू हिकडं ना?" आणि राजाक्कानं बारा मिनिटं उत्तर दिलं. सकाळपासूनचं साठलेलं होतं. त्यातली चार मिनिटं जीपवर होती, बाकीची दारूवर. भीमानं सगळं ऐकलं, मग स्टिअरिंग बॉक्सचा आवळलेला स्क्रू हवा तेवढा ढिला केला आणि पाचरी धरून ठेवणारे यू-बोल्ट घट्ट कसले.

मंगळवारी राजाक्का कुरडयांची पोती घेऊन निघाली. मागून धूळ उडाली नाही, कर्णे वाजले नाहीत. सत्तरला जीप रुळावरून जावी तशी गेली. वळण आलं, तिनं वळवलं, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग तिच्या हातातून आपोआप मागं फिरून सरळ झालं. ती एवढी दचकली की कडेला थांबली. मग मागं येऊन तेच वळण तिनं पुन्हा घेतलं. आणि पुन्हा एकदा.

भीमानं मजुरी म्हणून काही घ्यायला नकार दिला. त्याची मागणी वेगळी होती. "शेजारच्या गावावरनंच तुमची फेरी जाती. मला संध्याकाळी सोडत जा."

राजाक्का रात्रभर विचार करून सकाळी सांगायला आली. "जाताना सोडनार न्हाई, तात्या. प्यायला मी कुनाला नेनार न्हाई. तुमी सायकलीवरच जा. पन मंगळवारी, शुक्रवारी माझी फेरी सात वाजता परत येती. तवा सायकल मागं टाकायची आनी गप बसायचं. बाभळीत जायाचं न्हाई."

भीमानं मान्य केलं. मंगळवार-शुक्रवार ती त्या गावच्या फाट्याशी थांबते, भीमा सायकल रिकाम्या पोत्यांवर ठेवतो आणि पुढच्या सीटवर डोळे मिटून बसतो. राजाक्का गाडी चालवता चालवता बोलत असते. तो ऐकतो की झोपतो ते कळत नाही. पिणं सुटलेलं नाही. मंगळवारचं ऐकून बुधवारचं मात्र थांबलंय, असं तो सांगतो.

मागच्या शुक्रवारी गावाच्या अलीकडं रस्त्यात म्हैस आली. राजाक्कानं ब्रेक मारला. भीमानं डोळे न उघडता जड जिभेनं विचारलं, "आक्का, गाडी डावीकडं वढली का?"

"जराशी."

"उजव्या चाकाचा ब्रेक धरंना झालाय. रविवारी बघू."

"तुमाला काय कळतंय आत्ता?" राजाक्का म्हणाली.

रविवारी त्यानं उजवं चाक खोललं. आतला ब्रेकचा सिलिंडर गंजून जाम झाला होता.