गुलाबी चव्वेचाळीस

वर्नेल टॉलिव्हरच्या घरात तांबडी वस्तू नव्हती. म्हणजे औषधालाही नव्हती. पडदे हिरवे, टॉवेल हिरवे, नाताळात दाराला लावायच्या फुलांनासुद्धा हिरवीच फीत. एका वाढदिवसाला मी तिला तांबड्या काठाची बशी दिली, तर ती तिनं अंगणातल्या कुंडीखाली सरकवली. म्हणाली, "घरात नको गं, लुईला. आमोस वरून बघतोय."

आमोस तिचा नवरा. पेनिंगर कॉलेजच्या फुटबॉल संघाचा, म्हणजे आमच्याकडच्या चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा, चव्वेचाळीस नंबर. इथंच जन्मला, इथंच खेळला, नदीकाठच्या लाकडाच्या गिरणीत राबला आणि इथंच गेला. मोठमोठी कॉलेजं त्याला न्यायला आली होती, पण तो गाव सोडून हलला नाही, हे आमच्याकडं अजून चर्चमध्ये सांगतात. पेनिंगरचा रंग हिरवा. नदीपलीकडं दुसरं राज्य, तिथं लॅटिमोर कॉलेज, त्यांचा रंग तांबडा. आता बशीचं काय चुकलं ते कळलं असेल.

मी वर्नेलच्या समोरच्या घरात राहते आणि पुढच्या खोलीत बायकांचे केस करते. गाव म्हणतं, लुईलाच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणोत. माझ्या पार्लरला खिडकी आहे आणि खिडकीतून रस्ता दिसतो, याला मी काय करू?

वर्नेल कॉलेजच्या संघाचे कपडे धुवायची. स्टेडियमच्या पोटात एक खोली, तिथं तीन दांडगी मशीनं, आणि आमोस गेल्यापासून त्यांची मालकीण ही. चिखल, रक्त, गवताचे डाग, काही म्हणून शिल्लक राहायचं नाही. पांढऱ्या जर्सी घालायच्या आधी ती रिकाम्या मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घालून आतून चाचपून बघायची. एखादा मोजा राहिलाय का, एखादी पट्टी चिकटलीय का. मी एकदा हसले तर म्हणाली, "तू केसांना रंग लावायच्या आधी मानेवर थेंबभर लावून बघतेस ना? तसंच."

त्या धुण्यात एक जर्सी न घातलेली असायची. चव्वेचाळीस नंबरची. आमोसनंतर तो नंबर कॉलेजनं कोणाला दिला नव्हता, त्याच्या पोरासाठी राखून ठेवला होता. सामना घरी असो की परगावी, ती जर्सी संघाबरोबर जायची, रिकाम्या खुंटीवर टांगली जायची आणि परत येऊन बाकीच्यांबरोबर धुतली जायची. ती मळायची कशानं, हे मी वर्नेलला विचारलं होतं. ती म्हणाली, "वाट बघून."

पोराचं नाव इझेकिएल. सगळे झीक म्हणायचे, पण म्हातारे लोक त्याला 'छोटा चव्वेचाळीस' म्हणत. शाळेचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा पोरगा दरवाजाएवढा रुंद झाला होता आणि धावायचा हरणासारखा. मग आमच्या गल्लीत गाड्या यायला लागल्या. कुठल्या कुठल्या कॉलेजांचे कोच, इस्त्रीचे शर्ट घालून, वर्नेलच्या हिरव्या सोफ्यावर अंग चोरून बसायचे. वर्नेल सगळ्यांना एकच जेवण वाढायची, तळलेला मासा, मक्याचा ब्रेड, शिजवलेली पालेभाजी, वर बर्फ घातलेला गोड चहा. सगळे एकच बोलायचे, असं जेवण जन्मात जेवलो नाही. लॅटिमोरचा कोच आला त्या दिवशी तिनं त्यालाही तेच वाढलं, फक्त मासा जरा लहान होता. मी स्वतः पाहिला.

"काय म्हणतो झीक?" मी विचारायची.

"त्याला विचार," ती म्हणायची. तेवढंच.

गावाला मात्र विचारायची गरजच वाटत नव्हती. आमोसचा पोरगा पेनिंगर सोडून कुठं जाणार?

नोव्हेंबरच्या शेवटी लॅटिमोरशी सामना होता, त्यांच्या मैदानावर. पाहुण्या संघानं पांढरं घालायचं. गुरुवारी वर्नेलनं पांढऱ्या जर्सी धुवायला टाकल्या, आणि बाहेर काढल्या तेव्हा सगळ्या गुलाबी झाल्या होत्या. नुसती गुलाबी झाक नव्हे, वाढदिवसाच्या केकवर असते तसला गुलाबी. शुक्रवारभर तिनं ब्लीच केलं, त्यानं रंग थोडा उतरला आणि वर ठिपके पडले. जुना संच उन्हाळ्यात एका शाळेला देऊन टाकलेला. मग काय, शनिवारी आमचा संघ तांबड्यांच्या गर्दीपुढं गुलाबी कपड्यांत उतरला. तिथले लोक हसून हसून बाकांवरून पडायचे बाकी होते.

आम्ही हरलो. शेवटच्या मिनिटाला आमच्या पोराच्या हातून चेंडू निसटला म्हणून हरलो. पण गाव म्हणालं, गुलाबीनं हरवलं.

"माझ्याकडून झालं," वर्नेल म्हणाली. "लक्ष नव्हतं." कसं झालं ते कोणी विचारलं तर तेच परत म्हणाली. कॉलेजनं तिला घरी बसायला सांगितलं.

माझं डोकं चालेना. ही बाई मशीनमध्ये हात न घालता कपडे टाकते? आणि तांबडं आलं कुठून? पेनिंगरच्या धुण्याच्या खोलीत तांबडं कापड म्हणजे देवळात कोंबडा! माझ्या पार्लरमध्ये दुसरा विषय नव्हता. त्यात सह्यांचा दिवस जवळ आलेला, शाळेतली पोरं त्या दिवशी कुठल्या कॉलेजकडून खेळणार त्यावर सही करतात आणि त्या कॉलेजची टोपी घालतात. मिसेस डॉबिन्सचा नवरा कॉलेजच्या कमिटीवर. केसांना गरम हवा लावून बसल्या बसल्या ती मोठ्यानं म्हणाली, "हे म्हणत होते, पोरानं सह्यांच्या दिवशी हिरवी टोपी घातली की सगळं विसरून जातील. वर्नेल दुसऱ्या दिवशी कामावर. आणि नाही घातली तर…" पुढचं तिनं भुवयांनी सांगितलं.

मला राहवेना. रविवारी चर्च सुटल्यावर मी पेकनचा, अक्रोडासारख्या दाण्याचा, गोड पाई घेऊन वर्नेलकडं गेले. पाई हे निमित्त. हात धुवायच्या मिषानं न्हाणीघरात शिरले, तर तिथं दांडीवर, त्या हिरव्या टॉवेलांच्या मधोमध, एक तांबडा टीशर्ट वाळत होता. छातीवर लॅटिमोरचं नाव.

मी बाहेर आले तेव्हा वर्नेल पाई कापत होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"पाहिलंस ना? आता बस खाली," ती म्हणाली. "आणि तोंड मीट. एकदाच, माझ्यासाठी."

झीक लॅटिमोर बघायला गेला होता तेव्हा त्यानं स्वतः तो टीशर्ट विकत घेतला होता. त्यावर मोहरीची चटणी सांडली. घरात धुवायची सोय नाही, घरात तांबडं चालत नाही. म्हणून त्या गुरुवारी शाळा सुटल्यावर, आई मैदानावर कपडे गोळा करायला गेली असताना, त्यानं तो तिच्या मशीनमध्ये धुतला. काढायच्या आधी सरावाला उशीर झाला म्हणून पळाला. टीशर्ट ओला, मशीनच्या आत वरच्या बाजूला चिकटून राहिला.

"आणि तू हात घातला नाहीस?"

"दारात कोच स्ट्रिकलंड उभे होते." ते आमच्या संघाचे मोठे कोच. "विचारत होते, वर्नेल, पोरगा राहील ना? तीन-तीनदा विचारलं त्यांनी. त्यांच्याकडं बघत बघतच कपडे टाकले आणि बटण दाबलं."

तेवढ्यात झीक आतून आला. एवढा मोठा पोरगा, पण दारात असा उभा राहिला की मला त्याचं बाळपण आठवलं.

"मिस लुईला, मी सांगतो कॉलेजला जाऊन. माझाच टीशर्ट."

"सांगशील, आणि सगळ्या गावाला कळेल तुझ्या मनात काय आहे," वर्नेल म्हणाली. "मग तू सही करीपर्यंत हे लोक तुला झोपू देतील?"

"मग मी हिरवी टोपी घालतो. तुला काम परत मिळेल. त्यात एवढं काय!"

"मला काम मिळावं म्हणून तू टोपी घालणार? कानाखाली देईन."

मी मध्ये पडले. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. "पण का रे बाळा? तिथं असं काय आहे, जे इथं नाही?"

तो टेबलावरचा चुरा बोटानं गोळा करायला लागला. "काय आहे ते माहीत नाही, मॅडम. तेच तर. इथं मी काय होणार ते माझ्या जन्माआधीच ठरलंय. इथं मी आमोसचा पोरगा. तिथं मी कोण असेन, ते बघायचंय."

वर्नेलनं त्याच्यापुढं पाईचा सगळ्यात मोठा तुकडा सरकवला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. आमोसचा पोरगा असण्यात कमी काय होतं? पण त्याच्या तोंडाकडं बघून तो राग टिकेना.

पुढचे दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. बायका खुर्चीत बसून विचारायच्या, "लुईला, तू समोर राहतेस, तुला काहीतरी कळलंच असेल." आणि मी, लुईला मॅबरी, म्हणायची, "मला नाही बाई ठाऊक." मिसेस डॉबिन्सनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

सह्यांचा दिवस डिसेंबरात. शाळेच्या जिममध्ये गाव लोटलं होतं. पुढं टेबल, टेबलावर तीन टोप्या, हिरवी, तांबडी, आणि उत्तरेकडच्या कुठल्या कॉलेजची निळी, नुसती शोभेला. आमच्याकडं रीत अशी, की पोरानं टोपी उचलली की घरचे लोक कोट उघडतात आणि आत त्याच कॉलेजचा शर्ट असतो. त्यामुळं अर्धं गाव झीककडं बघत होतं आणि अर्धं वर्नेलच्या कोटाकडं. तिनं तो गळ्यापर्यंत बंद केला होता. त्या कोटाखाली तांबडं असेल, या कल्पनेनं मी माझ्याच कोटाची बटणं चाचपली. टोपीचं मला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं. पण रविवारी तो म्हणाला होता ना, हिरवी घालतो म्हणून. आईसाठी पोरं काय करतील, सांगता येत नाही.

झीकचा हात आधी हिरव्या टोपीवर गेला. लोक उठून ओरडायला लागले. त्यानं ती उचलली, हळूच आईपुढं ठेवली आणि तांबडी डोक्यावर घातली.

उठलेले लोक खाली बसले. मागं कुठंतरी एक तान्हं रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. वर्नेल उठली. एकेक करून तिनं कोटाची बटणं काढली.

आत गुलाबी जर्सी होती. ठिपकेवाली, ब्लीचनं खाल्लेली, छातीवर हिरव्या आकड्यांत चव्वेचाळीस. हिरवी टोपी तिनं स्वतःच्या डोक्यावर घातली आणि पोराला जवळ घेतलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या. एकटीनंच, पण जोरात. मिसेस डॉबिन्स माझ्याकडं अशी बघत राहिली, की मला आणखी जोर आला.

दुपारी आम्ही वर्नेलच्या ओसरीवर केक खात बसलो होतो. कोच स्ट्रिकलंडांची गाडी आली. सह्यांच्या वेळी कॉलेजच्या कोचना शाळेत यायची परवानगी नसते, पण फोटो गावभर झाले होते. ते पायऱ्या चढून आले, टोपी काढली आणि वर्नेलच्या बाहीकडं बघत राहिले. जर्सी तिनं अजून उतरवली नव्हती.

"ही टाकून द्यायला सांगितली होती ना?"

"हो, कोच. पण बाकी कोणाची नव्हती ही. माझ्या माणसांची होती."

त्यांनी बाही दोन बोटांत धरली. मग दारात उभ्या झीककडं बघितलं, त्याच्या टोपीकडं बघितलं, पुन्हा बाहीकडं. त्यांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला.

"त्या गुरुवारी मी तुझ्या दारात उभा होतो."

"हो. तुम्ही विचारत होता, पोरगा राहील का. आणि उत्तर मागं मशीनमध्ये फिरत होतं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं."

कोच मटकन पायरीवरच बसले. मला वाटलं आता रागावतील. ते खाली बघून डोळ्यांवरून हात फिरवत राहिले. माझ्या मते ते हसत होते, पण पैज लावणार नाही. मी त्यांना केकचा तुकडा दिला.

"कमिटीशी मी बोलतो," ते शेवटी म्हणाले. "सोमवारी धुवायला ये, वर्नेल. आणि तो नंबर आता दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल."

"द्या ना. कितीतरी दिवस नुसता धुतेय मी तो," वर्नेल म्हणाली. "पण सोमवारी नाही जमणार, कोच. मंगळवारी येते. सोमवारी मी याच्याबरोबर नदीपलीकडं जाणार आहे."

"लॅटिमोरला? तू?"

"एवढी वर्षं शिव्या दिल्या त्या गावाला," ती म्हणाली, "पण अजून पाहिलं नाही. मलाही बघायचंय."