अंगारा मी लावलाच नव्हता

बाईनं माह्या हातात भाषणाचा कागद देला आन म्हणल्या, "अंगाऱ्याचं सांगताना जरा थांब. रडू आलं तर आवरू नकोस. व्हिडिओत ते चांगलं दिसतं."

वाशीमचा हॉल. बाई मूळच्या इकडल्याच, आता अमेरिकेत राह्यतात. आपल्याकडून तिथं गेलेल्या ज्या बायांले स्तनाचा कॅन्सर होऊन गेला, त्यायच्यासाठी मंडळ चालवतात. आपली भाषा, आपलं जेवण, म्हणजे परक्या मुलखात बाईले एकटं वाटत नाही. चांगलंच असन ते. तेच आता त्या इथं घेऊन आल्या होत्या. मले अनसिंगहून बोलावलं, कारण माहं एक स्तन काढलेलं आन मी जित्ती.

मी हरखून गेली होती. काय बोलायचं ते मनात जुळवून आली होती. कोणी इचारलंच नाही.

कागदावर मी अडाणी होती. गाठ लागल्यावर देवऋषीकडे गेली, अंगारा लावला, देवीले नवस बोलली, म्हणून उशीर झाला. मी सांगतलं, मॅडम, मी दहावी पास आहो. आमी बौद्ध. माह्या आज्यानं घरातले देव काढले, ते पुन्हा आत आले नाहीत. नवस कोणाले बोलू?

बाई लेकराले समजावतात तसं हसल्या. "अगं, तुमच्या लोकांच्या संस्कृतीला धरूनच लिहिलंय."

तुमचे लोक. सात समुद्र ओलांडून आली बाई, आन येतानी माहं अडाणीपण शिवून आणलं. मापही न घेता.

खरं असं झालं. गाठ हाताले लागली तवा मी वावरात सोयाबीन सोंगून राह्यली होती. चौथ्या दिवशी दवाखान्यात गेली. डॉक्टरनं नाव इचारलं, गाव इचारलं, मग आडनाव. खुर्चीतून उठले नाहीत. हात लावला नाही. गोळ्या टेबलावरून सरकवल्या. म्हणे, बायांना होतात गाठी. पाच खेपा केल्या, पाचही वेळा गोळ्याच. शेवटी अकोल्याले गेली. तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईनं गाठ दाबून पाह्यली आन त्याच दिवशी तुकडा काढून तपासाले धाडला. कॅन्सर निघाला.

ते गोळ्यावाले डॉक्टर त्या दिवशी हॉलात पयल्या रांगेत होते. पाहुणे. खांद्यावर शाल.

मी माइकपाशी गेली. कागद उघडलाच नाही. म्हणली, "मी अंगारा लावला नाही. मी डॉक्टरकडे गेली. पाच वेळा. हे समोर बसले, तेच. यायनं मले हात लावला नाही. उशीर माह्या घरात नाही झाला. यायच्या टेबलावर झाला."

बाईनं माइक घेतला. ताई जरा भावुक झाल्या, म्हणे. लोकांसमोर मी लगेच ताई झाली. डॉक्टर मोबाइल पाहत बसले. टाळी एकही नाही.

एसटी स्टँडवर हॉलातलीच, केनवडची एक बाई मागून आली. पदर सावरत हळूच म्हणली, "मलेही गाठ हाय. मलेही गोळ्याच देल्या." दुसऱ्या दिवशी तिले घेऊन अकोल्याले गेली. तिचीही कॅन्सरचीच निघाली.

बाईचं मंडळ त्यायलेच लखलाभ. मी आता केनवडले जाते, धनजले जाते. बायांले एकच सांगते, डॉक्टर हात लावून तपासत नाही तोवर त्याच्यासमोरून उठायचं नाही. त्या डॉक्टरचं नाव इचारलं, त तेही सांगते. पूर्ण नाव. आडनावासकट.