सांदीतलं धान

डॉ. कुंदा लांजेवार यांना मी प्रथम पाहिलं तेव्हा त्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, धानाच्या बांधीच्या पाळीवर, म्हणजे खाचराच्या बांधावर, उकिडव्या बसल्या होत्या. छत्री मानेत अडकवलेली, डोळ्याला भिंग आणि समोर धानाची एक लोंब. त्यांच्या हाताखाली संशोधन करायला मी पहिल्यांदाच आले होते, हातात पेढ्यांचा पुडा. नमस्कार केला. मान न वळवता त्यांनी विचारलं, "हे फूल सकाळी थोडा वेळ उघडतं आणि लगेच मिटतं. काहून?"

"पुस्तकात तसं काही वाचलं नाही, मॅडम," मी म्हटलं.

"वाचलं असतं तर मी तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

पेढे बराच वेळ माझ्याच हातात राहिले.

मॅडम एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलतात. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये त्या वाढल्या, वडील कारखान्यात, त्यामुळे लहानपणी धानाशी ओळख काय ती ताटातली. पुढे वनस्पतिशास्त्र आणि आनुवंशिकी शिकल्या, खेड्यांतून हिंडू लागल्या आणि 'काहून' हा शब्द त्यांना चिकटला. त्यांचं म्हणणं असं, की 'का' विचारलं तर माणूस उभ्या उभ्या उत्तर देतो, 'काहून' विचारलं तर खाली बसून सांगतो. आम्ही विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'काहूनबाई' म्हणायचो. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं. एकदा एका लग्नात पंगत सोडून त्या थेट आचाऱ्याकडे गेल्या, हा भात गार झाला तरी मऊ कसा, हे विचारायला. नवरदेवाला आशीर्वाद द्यायचा राहिला तो राहिलाच.

पण ज्या प्रसंगाने मॅडम मला खऱ्या कळल्या, तो आंबागडच्या बाजूच्या एका गावातला. तिथे तलावाच्या पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला काही बांध्या आहेत. पाणी सगळ्यांचं झालं की मग तिथे पोचतं, आणि पुष्कळदा पोचतच नाही. या टोकाच्या बांध्यांत तग धरेल असं धान तयार करायचं, ही मॅडमची धडपड. संकरातून निघालेल्या निरनिराळ्या ओळी, म्हणजे नव्या वाणाचे उमेदवार, तिथे लावून पाहायच्या होत्या. प्रत्येक ओळीचा वेगळा वाफा आणि दोन वाफ्यांच्या मध्ये चालण्याजोगी मोकळी सांद. योजनेचं ते निर्णायक वर्ष होतं. चाचणी जमली तर काम पुढे चालणार, नाहीतर बंद.

रोवण्याच्या दिवशी आम्ही सकाळी बायांना सगळं समजावलं आणि दुसऱ्या गावच्या चाचणीकडे गेलो. संध्याकाळी परतलो, तर सांदच दिसेना! सगळी बांधी या पाळीपासून त्या पाळीपर्यंत हिरवीगार. वाफ्यांमधले नांगे, म्हणजे सुटलेल्या जागासुद्धा हाताला लागेल त्या पऱ्ह्याने, कोणत्याही ओळीच्या रोपाने, भरलेल्या. ओळी एकमेकींत मिसळल्या, म्हणजे चाचणीच बुडाली. रोवण्याच्या बायांच्या म्होरक्या शेवंताबाई मात्र काम चोख झाल्याच्या आनंदात होत्या.

"शेवंताबाई, मधल्या जागेत लावलं काहून?" मॅडमनी विचारलं.

"पऱ्हे उरले होते जी. पऱ्हे काई फेकतेत का, मॅडमबाई? लक्षुमी होय ते. आन् एवढी जागा रिकामी पडली, तं मले वाटलं तुमच्या पोरीचं माप चुकलं असन."

पोरगी म्हणजे मी. मॅडम पाळीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं, धक्क्याने असं होत असावं.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं, सांदीतली रोपं उपटा आणि गप्प बसा, कोणाला कळणार आहे? मॅडम म्हणाल्या, "मला कळलंय ना." चाचणी बाद झाल्याचं त्यांनी स्वतः कळवलं. दोष बायांवर ढकलला नाही, 'आमचं समजावणं अपुरं पडलं' असं सांगितलं. योजना बंद झाली, तिची गाडीही गेली. मॅडम सुट्टीच्या दिवशी एसटीने त्या गावाला जाऊ लागल्या. मी चिडले होते. बाद झालेल्या बांधीत आता काय पाहायचं राहिलं होतं?

पाहायचं होतं. धान निसवायच्या, लोंबी बाहेर पडायच्या सुमारास तलाव आटला. वाफे करपत गेले, पण सांदीतली मोजकी रोपं हिरवी उभी होती, लोंबी भरलेल्या. ती कोणत्या ओळीची, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. मॅडमनी त्या लोंबी वेगवेगळ्या बांधल्या, पुढच्या हंगामात वेगवेगळ्या पेरल्या, टिकल्या त्या पुन्हा निवडल्या. शेवंताबाईंनी आपल्या बांधीचा कोपरा दिला. कितीतरी वर्षं हे चाललं. गावात त्या धानाला 'सांदीतलं' असंच नाव पडलं.

मॅडमचा स्वभाव फक्त धानापुरता नाही. माझ्या तोंडी परीक्षेच्या दिवशी आई गावाहून आली आणि दाराबाहेरच उभी राहिली. मॅडमनी तिला आत नेऊन स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि बियाण्याच्या कणगीला ती कडुनिंबाचा पाला कसा लावते, ते विचारत राहिल्या. आई वर्षभर सांगत होती, "मॅडमनं मले आपली खुर्ची देली."

सेवानिवृत्तीच्या थोडं आधी सांदीतल्या धानाचा निकाल लागला. ठिकठिकाणच्या चाचण्यांत, भरपूर पाण्याच्या जमिनीवर ते मागे पडलं होतं. वाण म्हणून मान्यता नाकारली गेली. मी मॅडमसमोरच रडले. आयुष्यभराच्या कामाचं हे फळ?

गावाला कसं सांगायचं, हा प्रश्न होता. मॅडम स्वतः गेल्या, मी सोबत होते. शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यायनं नाही म्हटलं, तं म्हटलं जी," त्या म्हणाल्या. "आमी तं पेरून राहिलो. टोकाच्या साऱ्या बांध्यात हेच हाय. पोराच्या सासरीबी बिजाई धाडली."

मॅडमनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आज साठीच्या उंबरठ्यावर मॅडमनी त्याच गावात खोली घेतली आहे. इथे जगणारं धान चांगल्या जमिनीवर का हरतं, हे त्यांना शोधायचं आहे. आम्हा शिष्यांना त्यांची प्रकृती जपायची आहे, कारण जेवणाची वेळ त्या आजही पाळत नाहीत. मॅडम, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्हाला तुम्ही हव्या आहात, हे तर खरंच. पण टोकाच्या बांध्यांत, पाणी पोचत नाही तिथे, या हंगामातही तुमचं धान उभं आहे आणि ते पाहायला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं त्या पाळीवर असायला हव्यात.