दहा मिनिटांची वाफ

शाळेत आम्ही काकांना पाठीमागे टोलकाका म्हणायचो. बत्तीस वर्षं त्यांनी घंटा वाजवली, मिनिटाचा फरक पडू दिला नाही. एकदा परीक्षेत माझं शेवटचं गणित दोन ओळींवर आलं होतं. खिडकीतून मी ओरडलो, "काका, दोनच ओळी!"

"वेळ संपली," म्हणाले, आणि टोल दिला. सख्खा पुतण्या असून ही गत. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापकांचं भाषणही त्यांनी टोल देऊन तोडलं म्हणतात. मी तिथं नव्हतो, पण विश्वास बसतो.

शाळा सुटली तशी घंटाही सुटली. हाताशी राहिल्या काकू आणि काकूंचा दमा.

डॉक्टरांनी नेब्युलायझर लिहून दिला. सकाळ-संध्याकाळ, साधारण दहा मिनिटं. 'साधारण' हा शब्द काकांच्या कानात शिरत नाही.

वाफेच्या मशीनची त्यांनी निगाही फार राखली. म्हणजे डबा पुसला. रोज, फडक्यानं, आरशासारखा. काकू मास्क लावून बसल्या की हे मनगट डोळ्यांपाशी धरून उभे, आणि दहाव्या मिनिटाला खट्कन बटण बंद.

"अहो, कपात औषध आहे अजून," काकू मास्कच्या आतून म्हणायच्या.

"वेळ संपली."

"अर्धं राहिलंय हो!"

"सगळ्या जगाचं दहा मिनिटांत होतं. तुझंच कसं होत नाही? ओढायचाही आळस!"

उरलेलं औषध ते बेसिनमध्ये ओतायचे आणि कप तसाच, न धुता, चकचकीत डब्यावर ठेवायचे.

चार महिन्यांत काकूंचा जिना बंद झाला. मग ओट्याशी उभं राहणं. मग बहिणीशी फोनवर बोलणं, कारण दोन शब्दांमागे एक श्वास लागायचा. "नाटकं," काका म्हणायचे. एकदा त्यावर मीही हसलो होतो.

शेवटी काकूंना पाच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या नर्सबाईंनी घरचं मशीन मागवलं आणि आमच्यासमोर उघडलं. पांढरा असायला हवा तो शर्टाच्या बटणाएवढा फिल्टर काळाकुट्ट झाला होता. कपाच्या आत औषधाचे तुषार उडवणारं एक छोटं भोक असतं, ते वाळलेल्या औषधानं बुजलं होतं.

"हे धुतं कोण?"

"मी रोज पुसतो. घड्याळ लावून दहा मिनिटं वाफ देतो," काका ताठ मानेनं म्हणाले.

"पुसता ते दिसलं. प्रत्येक वाफेनंतर कप आणि मास्क कोमट पाण्यानं धुवायचा, झटकून वाळवायचा. असल्या कपातून अर्ध्या तासातही औषध जायचं नाही. आणि घड्याळ कसलं बघता? कप फुरफुरला, तुषार थांबले की बंद करायचं."

काका घड्याळाकडे बघत राहिले. काकू काकांकडे.

नवा कप, नवा मास्क, नवा फिल्टर आला. आता सगळं काकूंच्या हाती. सात मिनिटांत वाफ संपायची, धुतलेला कप खिडकीत वाळायचा. महिन्याभरात त्या जिना चढून माझ्या खोलीत आल्या, पसाऱ्यावरून मला झाडलं आणि उतरून गेल्या. जुना कप मात्र कागदात गुंडाळून फळीवर होता. मला वाटलं, टाकायचा राहिलाय.

थंडीत काकांची छाती भरली. डॉक्टरांनी त्यांनाही तीच वाफ सांगितली, कप मात्र वेगळा.

"नवा आणू का?" मी विचारलं.

"कशाला? आहे की." काकूंनी फळीवरची पुडी सोडली. कप होता तसाच, न धुतलेला.

काकांनी तो ओळखला. "अगं, हा तर..."

"तुम्हीच सांभाळलेला. घड्याळ द्या इकडे."

घड्याळ दिलं त्यांनी. मास्क लागला, मशीन घरघरलं. उदबत्तीच्या धुराएवढीच वाफ मास्कमध्ये आली. काकांचे खांदे प्रत्येक श्वासाला कानांपर्यंत चढत होते. दहाव्या मिनिटाला खट्.

काकांनी कपाकडे बोट केलं. बोलायला श्वास पुरेना. माझ्याकडे पाहिलं त्यांनी.

नवा कप आणायला दुकान चार पावलांवर होतं. मी उठलो नाही. मला ते दोन ओळींचं गणित आठवत होतं.

"वेळ संपली," म्हणत काकूंनी औषध बेसिनमध्ये ओतलं. "संध्याकाळी सहाला परत. वेळेवर बसा."