कुठल्या घड्याळाचे दोन

राजिवड्यात हारुनभाईंना कुणी "पाच वाजता या" म्हटलं, की ते विचारतात, "कुठले पाच?" समोरचा हसतो. निकाहाचं आमंत्रण द्यायला आलेले हसतात, गॅसवाला हसतो, जमातीच्या मीटिंगचा निरोप आणणारा तर मुद्दाम "लंडनचे पाच, चाचा!" म्हणून डोळा मिचकावतो. हारुनभाई हसत नाहीत. "आपले, इथले, संध्याकाळचे" असं नीट कानावर पडेपर्यंत ते दारात उभे राहतात आणि मगच मान हलवतात. साठीला आलेल्या माणसाचं खूळ म्हणून वाडीने ते कधीच सोडून दिलंय. पण हा प्रश्न एकदा त्यांना वेळेवर सुचला नव्हता, आणि त्याचा भुर्दंड पाली गावच्या एका पोराने भरला. हे वाडीत फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते विषय काढत नाहीत.

हारुन सोलकर बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. खलाशांच्या भाषेत 'मार्कोनी साहेब'. राजिवड्यातली माणसं बोटीवर जायची ती डेकवर, इंजिनात नाहीतर भटारखान्यात. रेडिओच्या खोलीत बसणारा हा वाडीतला पहिलाच. कानाला हेडफोन, हातात पेन्सिल आणि समोर भिंतीवर पितळी घड्याळ. त्या घड्याळाच्या तबकडीवर दोन लाल पट्टे होते. काटा लाल पट्ट्यात शिरला की जिथे असतील तिथे सगळ्या बोटींनी बोलणं थांबवायचं आणि तीन मिनिटं नुसतं ऐकायचं, कुठे कुणी बुडत असेल तर त्याची हाक ऐकू यावी म्हणून. ती तीन मिनिटं हारुन कानात प्राण आणून ऐकायचे. वादळातल्या खरखरीतून एक बारीक टिकटिक वेगळी काढणारे त्यांचे कान कंपनीत नावाजलेले होते. त्यांची बायको हफीजा मात्र म्हणायची, "हेंना बायकोची हाक सोडून समदां आयकू येतां."

ते घड्याळ कायम ग्रिनिचच्या, म्हणजे लंडनच्या वेळेवर. बोट जपानला असो की ब्राझीलला, बाहेर दिवस असो की रात्र, रेडिओच्या खोलीत वेळ एकच. नुसतं 'चौदा शून्य शून्य' लिहिलं की झालं. कुठली वेळ, हे लिहायची रीतच नव्हती. दुसरी कुठली असणार?

नव्याण्णव साली आकाशातल्या उपग्रहांनी ही खोली बंद पाडली. नव्या यंत्राला बटण दाबलं की संकटाची हाक आपोआप जायची, त्यामुळे ऐकत बसणाऱ्या माणसाची गरजच संपली. कंपनीने हारुनना सन्मानाने घरी पाठवलं. सन्मान म्हणजे एक शाल, एक पत्र आणि कप्तानाने आपल्या जबाबदारीवर भिंतीवरून उतरवून दिलेलं ते घड्याळ. पुढे दोन वर्षं ते घरी बसले आणि हफीजाशी भांडले. भांडायला दुसरं कुणी नव्हतं.

मग जयस्तंभाच्या बाजूला एका दुकानाच्या माडीवर खाजगी इंटरनेट कंपनी निघाली. तारांची माहिती आणि इंग्रजी, दोन्ही असलेला माणूस त्यांना हवा होता. हारुन तिथे गेले आणि पहिल्याच दिवशी सुखावले. फोनवरून जोडणी व्हायची तेव्हा मोडेम जो किंचाळायचा तो ऐकून बाकीचे तोंड वाकडं करायचे. हारुन त्या आवाजावरून लाइनीत पाणी गेलंय की नाही ते सांगायचे. घड्याळ त्यांनी तिथल्या भिंतीवर लावलं, आपल्या जुन्याच वेळेवर. ज्या मशिनी त्यांच्या ताब्यात आल्या त्यांच्या आतली घड्याळंही त्यांनी त्याच वेळेवर लावली. मॅनेजरला मशिनी चालण्याशी मतलब होता, घड्याळाशी नव्हता.

तिथे एक काम असं होतं की ते कुणालाच नको असायचं. कधी कॅनडातून, कधी जर्मनीतून तक्रारीची मेल यायची: तुमच्या अमुक आकड्यावरून, म्हणजे नेटवरच्या पत्त्यावरून, आमच्या मशिनीचं कुलूप फोडायचा प्रयत्न चाललाय, किंवा तुमच्याकडून कचऱ्यासारख्या हजारो मेल येताहेत, बंदोबस्त करा. मॅनेजर त्या न वाचता पुसून टाकायचा. हारुननी ते काम मागून घेतलं. "हाक आली की ओ दियाची," एवढंच त्यांचं कारण होतं. तो आकडा त्या वेळी कुठल्या गिऱ्हाइकाकडे होता ते ते शोधत, त्याला फोन करून बजावत आणि तक्रार करणाऱ्याला उत्तर पाठवत. बाहेरून आपल्या गिऱ्हाइकांवर कुणी चाल करून आलं, तर त्याचा आकडा आणि वेळ टिपून ते त्याच्या कंपनीला तक्रार लिहीत. उत्तर क्वचितच यायचं. तरी ते लिहीत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्या माडीवर त्यांना पुन्हा बोटीवर असल्यासारखं वाटायला लागलं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यानंतर फैझानशेठचं प्रकरण झालं. फैझानचा मिरकरवाड्याला कोळंबी गोठवून परदेशी धाडायचा धंदा. त्याच्या ऑफिसातली मेलची मशीन कुणीतरी फोडली आणि तिच्यावरून जगभर नको त्या औषधांच्या जाहिराती धाडल्या. परदेशी कंपन्यांनी फैझानची मेल घेणंच बंद केलं. माल तिकडच्या बंदरावर पोचलेला, कागद इकडे अडकलेले. फैझान तणतणत माडी चढून आला.

"हारुनभाय, कोण हरामखोर हाय तो, मना त्याचा नाव पायजे!"

ती मशीनही हारुननीच बसवून दिलेली होती, आपल्याच वेळेवर. तिच्यात त्यांना गुरुवारचा एक आकडा सापडला. तो आपल्याच जिल्ह्यात फोनवरून नेट देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा होता.

"फैझान, हा आकडा म्हंजे कोणाचा घर नाय," त्यांनी समजावलं. "एस्टीतली सीट हाय. एक उतरला की दुसरा बसतो. कोण कवा बसला होता ता त्या कंपनीलाच म्हायत. म्हणून वेळ महत्त्वाची."

आणि हे सगळं समजावून सांगणाऱ्या माणसाने तक्रारीत लिहिलं: गुरुवार, चौदा शून्य शून्य. पुढे काही नाही. तीस वर्षांच्या सवयीने लिहिलं. भिंतीवर ते घड्याळ होतंच.

फैझानने तो कागद पोलिसांत दिला, पोलिसांनी त्या कंपनीला विचारलं. तिथल्या कारकुनाने चौदा म्हणजे दुपारचे दोन हे सरळ धरलं. तोही बिचारा काय करणार, आपल्याकडे चौदा म्हणजे दोनच. दुपारी दोनला तो आकडा पालीच्या एका फोनवर होता. घर महिपत नावाच्या शेतकऱ्याचं, आणि फोनवरून नेटवर बसणारा त्याचा मुलगा अनिल. पालीच्या बाजारात कॉम्प्युटर क्लासवर शिकवणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. पोलिसांना याहून आणखी काय हवं होतं? कॉम्प्युटर येतो म्हणजे फोडणाराही हाच.

हारुनना हे कळलं ते महिपत माडी चढून आला तेव्हा. पायातल्या वहाणा जिन्यातच काढून तो आत आला आणि खुर्चीवर बसायलाही तयार होईना.

"साहेब, तुमच्या कागदावरना धरलानी म्हणतात. माजा पोरगा खोटा बोलायचा नाय. त्येंनी इचारलानी, गुरवारी दोन वाजता नेटवर होतास काय? तो बोल्ला, होतो. भयनीचा रिजल्ट बगत होतो. तेवड्यावर घेऊन गेले. काल जीपमदी घातलानी."

"दोन वाजता?" हारुन म्हणाले. "दुपारी?"

"दुपारीच. जेवून उटला नि बसला."

हारुननी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात पहाटेचे पाच वाजले होते. बाहेर रस्त्यावर साडेदहाचं ऊन होतं.

ते घड्याळ इथल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं. फैझानची मशीन फुटली ती संध्याकाळी, साडेसातच्या सुमाराला, त्याचं ऑफिस बंद झाल्यावर. दुपारी दोनला त्या सीटवर कोण बसलं होतं याच्याशी त्या चोरीचा काडीचा संबंध नव्हता. एवढं मोठं समुद्राचं ज्ञान, आणि माणूस आपल्याच गावातली वेळ लिहायला विसरला! त्या क्षणी त्यांना स्वतःची इतकी चीड आली की महिपतच्या तोंडाकडे बघवेना.

मॅनेजर शहाणा होता. "तोंडी सांगा," तो म्हणाला. "लेखी काही देऊ नका. कंपनीचं नाव जाईल, गिऱ्हाईक तुटेल." हारुननी ते ऐकून घेतलं, आणि महिपतला रिक्षात घालून ते चौकीवर गेले.

फौजदारांचा हा पहिलाच कॉम्प्युटरचा गुन्हा होता आणि तो इतक्या लवकर उलगडला म्हणून साहेब खुशीत होते. हारुनचं बोलणं ऐकता ऐकता त्यांची खुशी ओसरत गेली.

"तुम्हीच लिहिलंत दोन. आता तुम्हीच म्हणता साडेसात. मग साडेसातला कोण होता ते आणा."

"ता त्या कंपनीला इचारा. पुन्ना इचारा."

विचारलं. फोनवरच उत्तर आलं की त्या तारखेची नोंद आता नाही. नव्या नोंदींना जागा करायला जुन्या पुसल्या जातात. साडेसातला त्या सीटवर कोण बसलं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि अनिल कोठडीतच होता.

"मग मी लेखी देतो," हारुन म्हणाले. "चूक माझी. वेळ मी लिवली, ती लंडनची होती. त्या पोराचा काय संबंध नाय."

"कंपनीच्या शिक्क्यावर?"

"शिक्का ते देणार नायत. माझी सही देतो."

सही दिली त्याच संध्याकाळी मॅनेजरने त्यांना उद्यापासून येऊ नका असं कळवलं. फैझानने तर भर बाजारात ऐकवलं, हातात आलेला चोर सोडून दिलात म्हणून. त्याला साडेसात आणि दोन यांत रस नव्हता, त्याला कुणीतरी आत असायला हवं होतं. माडीवरून आणलेलं घड्याळ हारुन घरी टेबलावर ठेवत असताना हफीजाने एवढंच विचारलं, "पोराला मारलानी काय वो?" हारुनना ते ठाऊक नव्हतं. विचारायचा धीर त्यांना झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अनिलला सोडणार म्हणून ते सकाळपासून चौकीसमोरच्या चहाच्या टपरीवर उभे होते. महिपत बाजूला उकिडवा बसला होता. दुपार टळल्यावर अनिल बाहेर आला. शर्टाची दोन बटणं तुटलेली, चाल सावकाश. महिपत उठला, पण त्याच्या आधी हारुन पुढे झाले. रात्रभर मनात घोळवलेलं वाक्य त्यांनी बोलून टाकलं.

"बाळा, मी हारुन सोलकर. चूक माझी होती. माफ कर मना."

अनिल बापाकडे बघत राहिला. त्याने मानही वळवली नाही. हारुनना वाटलं, बरोबर आहे, का म्हणून बोलावं त्याने माझ्याशी?

"साहेब, ह्या बाजूनं बोला," महिपत म्हणाला. "डाव्या कानानं आयकू येत नाय त्याला. परवापासना. लय मारलानी थोबाडात."

हारुन सोलकर वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. आयुष्यभर ज्याने कानाची भाकरी खाल्ली त्या माणसाला तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं, टपरीवरच्या माणसांदेखत म्हणावं लागलं. ते रडत होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

अनिलने या खेपेला ऐकलं. तो चिडला नाही. त्याने विचारलं, "चाचा, मग खरे किती वाजले होते?"

"साडेसात. संध्याकाळचे."

"साडेसातला मी क्लासात होतो," अनिल म्हणाला. "पोरां होती समोर. बाजारातल्या कोणालाही इचारला असतानी तरी सांगितला असता. पन साडेसातचा कोणी इचारलानीच नाय."

महिपतने त्याला दंडाला धरून स्टँडवर नेलं. पालीची गाडी लागलेली होती. अनिल आत जाऊन खिडकीशी बसला. गाडी सुटेपर्यंत हारुनभाई त्या खिडकीखाली उभे राहून वर तोंड करून काहीतरी सांगत होते, पण ती त्याच्या डाव्या कानाची बाजू होती.